लाकडी चिमटा

एक्सरेकाकांनी दोरीवरचा लाकडी चिमटा काढला, दातांत धरला आणि गुडघ्यांची परवानगी न विचारता स्टुलावर चढले. दोरीवरचे बाकीचे अकरा चिमटे प्लास्टिकचे होते, गुलाबी आणि पोपटी. ते फोटोत बोंबलले असते. हा एकच जुना, ऊन खाऊन राखाडी पडलेला, थेट फांदीच्या रंगाचा. एवढा विचार तुम्ही मला बघायला आलात तेव्हाही केला नव्हता, असं काकू म्हणाल्या असत्या. पण काकू गुडघ्याच्या व्यायामाला गेल्या होत्या आणि दोनच्या आत येणार नव्हत्या. म्हणून तर स्टूल बाहेर आलं होतं.

मागच्या गॅलरीत पत्र्याच्या पिंपात अंजिराचं झाड होतं. त्याची दोन पानं कडेला कडा लावून कुणीतरी शिवली होती. टाके एकसारखे होते आणि ज्याने घातले त्याचं वजन दहा ग्रॅमसुद्धा नव्हतं. त्या खिशात कापसाच्या गादीवर शिंपी पक्ष्याची तीन पिल्लं होती आणि वर तिसरं, तळहातापेक्षा मोठं पान छपरासारखं ओणवं झालेलं होतं. घरटं काकूंना सापडलं त्याला बावीस दिवस झाले होते. तेव्हापासून त्यांनी गॅलरीत कपडे वाळत घालणं बंद केलं होतं. काकांच्या बनियनी तीन आठवडे बैठकीच्या खोलीत खुर्च्यांच्या पाठींवर वाळत होत्या आणि येणारे-जाणारे त्यांना टेकून बसत होते. अट एकच होती.

"बघायचं. हात लावायचा नाही."

"अगं, मी चाळीस वर्षं माणसांच्या बरगड्यांचे फोटो काढले. एकाही बरगडीला हात लावला नाही."

"आणि त्या बाईला श्वास रोखायला सांगून चहाला गेलात, ते?"

ही गोष्ट काकू चारचौघांत तीस वर्षं सांगत आल्या होत्या. काका तेव्हा इस्पितळात एक्सरे काढायचे. एका आजीबाईंना त्यांनी "श्वास रोखा" म्हटलं, मशीन अडकलं म्हणून शेजारच्या खोलीतून माणूस बोलवायला गेले आणि "सोडा" म्हणायचं राहून गेलं. परत आले तर आजीबाई लालबुंद, पण जागच्या हलल्या नव्हत्या. चहाचा भाग काकूंनी नंतर घातला होता. गोष्टीला तो शोभायचा.

काकांनी छपराचं पान अलगद मागे वळवलं, देठापाशी धरलं आणि फांदीला चिमटा लावून टाकला. घरट्यात ऊन उतरलं. दहा मिनिटांचा तर प्रश्न होता.

ते स्वयंपाकघरात येऊन खिडकीमागच्या कॅमेऱ्यापाशी उभे राहिले. वाचनालय दरवर्षी कॅलेंडर छापायचं. बारा महिने, बारा फोटो, सगळे सभासदांनी काढलेले, आणि सगळे घरापासून हजार पावलांच्या आतले. काकांनी तीन वर्षं फोटो पाठवले होते. पानगळीतली साळुंकी, थंडीतलं कोळ्याचं जाळं, फुलपाखराचा फाटका पंख. तिन्ही वेळा वाचनालयाचे चिटणीस म्हणाले होते, "काका, स्पष्ट आहे हो, फार स्पष्ट आहे. पण बघून दवाखान्यात आल्यासारखं वाटतं." आणि तिन्ही वर्षं जूनचं पान खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी नेलं होतं. त्यांच्याकडे हातभर लांबीची लेन्स होती. कॉलनीत तिला तोफ म्हणत.

मादी आली. चोचीत हिरवी अळी होती. एरवी ती सरळ छपराखाली शिरायची. आज पिंपाच्या काठावर बसली, शेपटी उडवत दोनदा ओरडली, मग आत झुकली. तीन चोची एकदम उघडल्या. आतला रंग पिकल्या अंजिरासारखा होता.

"श्वास रोखा," काका स्वतःला म्हणाले.

फोटो आला. दवाखान्याचा नव्हता. त्यांना स्क्रीनकडे पाहून चक्क गहिवरून आलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"काका, पाठवताय ना?" चिटणीस होते. "बाराला बंद करतोय. बँकवाल्यांची पाणकोंबडी आली आहे. जून त्यांनाच द्यावा लागणार असं दिसतंय."

काका आतल्या खोलीत गेले. कॉम्प्युटरने पासवर्ड विचारला, मग तो चुकल्याचं कळवलं, मग आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायला सांगितलं. शेवटी हमीपत्र आलं : 'हे छायाचित्र काढताना मी निसर्गातील कोणत्याही गोष्टीला हात लावलेला नाही.' काकांनी क्षणभर विचार केला. हात लावला नव्हता. चिमटा लावला होता. त्यांनी चौकोनात खूण केली. बाराला चार मिनिटं कमी असताना फोटो गेला. त्या आनंदात ते जेवले, आणि जेवल्यावर माणूस जे करतो ते त्यांनी केलं.

जाग आली ती कावळ्यांच्या आवाजाने. एक वाजून गेला होता. अकरानंतर मागच्या गॅलरीत ऊन थेट येतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. उजेडाचा अभ्यास त्यांचाच होता. ते अनवाणी बाहेर गेले. पान अजून मागे धरलेलं होतं, आज्ञाधारक. घरट्यातली गादी उसवून बाहेर लोंबत होती. आत काही नव्हतं.

त्यांनी चिमटा काढला. पान पुन्हा छपरासारखं झुकलं, पण कोमेजून. चिमटा सदऱ्याच्या खिशात टाकून त्यांनी स्टूल आत नेलं आणि जिथे होतं तिथे, भिंतीवरच्या खुणेला खूण जुळवून ठेवलं.

काकू आल्या त्या काठी टेकत सरळ मागे गेल्या. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"अहो."

"कावळा," काका दारातून म्हणाले. "मी आत होतो. कळलंसुद्धा नाही."

"तिन्ही?"

"निसर्ग आहे. आपण काय करणार?"

 काकूंनी छपराचं पान हातात घेतलं. देठापाशी दोन आडव्या रेघा उमटल्या होत्या, समोरासमोर, दातांसारख्या. त्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. एकदा फिरवला, मग पुन्हा.

"आणखी पाच दिवसांत उडाली असती," त्या म्हणाल्या.

मादी दोन दिवस येत राहिली. चोचीत अळी घेऊन घरट्याच्या तोंडाशी जायची, थांबायची, शेजारच्या पानांत बघून यायची, पुन्हा जायची. काकू खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. काकांनी सवयीने कॅमेरा उचलला आणि सवयीने श्वास रोखला. फोटो उत्तम आला; अळीचे पायसुद्धा मोजता येत होते. काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खिडकीबाहेर.

तिसऱ्या दिवशी बनियनी परत गॅलरीत गेल्या. काकांना चिमट्याची आठवण झाली ती आठवड्याने. सदरा धुऊन, घडी होऊन कपाटात होता. खिसा रिकामा होता. दोरीवर अकराच होते. त्यांनी पिंपामागे पाहिलं, स्टुलाखाली पाहिलं. विचारणार कुणाला?

जूनचं पान त्यांना मिळालं.

समारंभ वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये झाला. फोटो भिंतीएवढा करून लावला होता. चिटणीस माईकवर म्हणाले की असा उजेड, असा मोकळेपणा, जणू पक्ष्याने स्वतःहून दार उघडून घरात घेतलं. टाळ्या झाल्या. काकू पहिल्या रांगेत होत्या, काठी मांडीवर आडवी. भिंतीवर दोन पानं होती, शिवलेली. तिसरं कुठेच नव्हतं. त्या बराच वेळ वरच्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

बँकवाले हात मिळवायला आले. ते हसत होते, पण तोंडानेच.

"काका, मी अशी चार घरटी पाहिली. आत नेहमी अंधार. माझ्या तोफेलाही काही दिसलं नाही. तुम्हाला एवढं ऊन कुणी दिलं हो?"

"धीर धरावा लागतो," काका म्हणाले. "आपण ढवळाढवळ करायची नाही. निसर्ग आपणहून देतो."

"वहिनी, खरं का हो?"

"यांना विचारा," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी मी घरात नव्हते."

त्या वर्षी कॉलनीतली मंडळी काकांना एक्सरेऐवजी जून म्हणू लागली. त्यांना ते आवडलं. काकूंनी चारचौघांत आजीबाईंची गोष्ट सांगणं बंद केलं. एकदोघांनी आग्रह केला, तेव्हा म्हणाल्या, "जुनी झाली ती. आता हसू येत नाही."

नवं वर्ष लागलं त्या सकाळी काका चहाला आले, तर स्वयंपाकघरात, खिडकीशेजारी, कॅलेंडर लागलेलं होतं. त्यांना बरं वाटलं. चष्मा पुसून त्यांनी पाहिलं. समोर तीन उघड्या चोची होत्या, पिकल्या अंजिराच्या रंगाच्या.

"अगं, जून लावलायस. जानेवारी चालू आहे."

"माहीत आहे."

"मग तारखा कशा कळायच्या?"

"मला पाठ आहेत."

काका हसले आणि पानं खाली सोडायला पुढे झाले. जानेवारी ते मे अशी पाच पानं मागे वळवून वर एकत्र दाबून धरली होती. ज्याने धरली होती ते राखाडी होतं, फांदीच्या रंगाचं. धुतल्यामुळे जरा उजळलं होतं.

काकांचा हात तिथवर गेला.

"हात लावू नका," काकू म्हणाल्या. त्या चहा गाळत होत्या, वळल्यासुद्धा नाहीत.

काका हात तसाच वर धरून उभे राहिले. छाती भरलेली होती आणि खांदे वर आले होते, काचेमागून सूचना यायची असावी तसे. काकूंनी दोन कप भरले, एक त्यांच्या बाजूला सरकवला आणि आपला घेऊन मागच्या गॅलरीत गेल्या. जाताना त्या "सोडा" म्हणाल्या नाहीत.