मास्तरांची करंगळी

"हे वादन तुमचं नाही," असं मोबाइलने पुन्हा एकदा सांगितलं, तेव्हा तिने चेलोचा गज मांडीवर ठेवला आणि ओंजळीत तोंड झाकून घेतलं.

"परत तेच?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"परत तेच. म्हणे हे मास्तरांनी वाजवलंय. व्हिडिओ दाखवणार नाहीत."

"अगं, पण त्यात तू दिसतेस ना, चेलो धरून बसलेली?"

"यंत्र आहे ते, आई. ते बघत नाही. नुसतं ऐकतं."

संध्याकाळी सहाच्या आत व्हिडिओची लिंक निवडीसाठी ऑर्केस्ट्राकडे जायला हवी होती. वाजवायची रचना त्यांनी नेमून दिलेली, लिंक स्वतःच्या चॅनेलवरचीच हवी, आणि वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. मोबाइलसमोर चेलो वाजवणाऱ्या मुलीला लोक 'छंद चांगला आहे हो' म्हणतात. ते ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

रचना जुनी, तिच्यावर आता कुणाचाच हक्क नव्हता. हक्क होता तो मास्तरांच्या रेकॉर्डवर. उभ्या आयुष्यात त्यांनी ती एकच रेकॉर्ड काढली होती आणि ती कुणी घेतली नव्हती. ते गेल्यावर कुठल्याशा कंपनीने ती उचलली आणि चोरीचं वादन पकडणाऱ्या यंत्राच्या पोटात घातली. जिवंतपणी ज्यांना कुणी हिंग लावून विचारलं नाही, त्यांच्या वाजवण्यावर आता रात्रंदिवस पहारा होता. तिचे जुने व्हिडिओही एकेक करून गायब झाले होते. तक्रार केली तर पडताळणीला वेळ लागेल असं उत्तर आलं.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा.

"तुझा व्हिडिओ कुठे गेला गं? सकाळी चहा घेताना मी तोच लावते."

"काढून टाकला त्यांनी, काकू. नवीन टाकतेय मी."

"टाक बाई लवकर. शेवटाकडे तुझा हात थांबतो ना, तेवढं बघितलं की हे घरातच आहेत असं वाटतं मला."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. यंत्रही मास्तरांना तिथेच ओळखत होतं.

मास्तरांची डावी करंगळी तरुणपणी दारात चेंगरली होती, ती पुढे कधी सरळ झालीच नाही. रचनेच्या शेवटी सगळ्यात उंच सूर येतो. तिथे पोचायला त्यांना अख्खा हात उचलून न्यावा लागे, म्हणून आधीच्या सुरावर ते क्षणभर रेंगाळत. लहानपणी ती त्यांच्यासमोर बसून शिकली आणि धडधाकट बोटांनी तीही रेंगाळू लागली, लंगडणाऱ्या आजोबांच्या मागून चालताना नातवंड लंगडतं तशी. "तुझं बोट चांगलं आहे गं, तू कशाला थांबतेस?" असं मास्तर नेहमी म्हणायचे. तिला वाटायचं, उगाच नम्रपणे बोलताहेत. मग त्या थांबण्याभोवतीच तिने सगळं वाजवणं बेतलं, कुठे श्वास घ्यायचा, कुठे गज हलका करायचा, सगळंच. व्हिडिओखाली लोक नेमकी तीच जागा वाखाणत.

तिने पुन्हा वाजवायला घेतलं. ती जागा आली आणि हात आपला आपण थांबला. परत घेतलं, परत थांबला. पाच वाजून गेले होते.

"आई, मला जमत नाहीये."

"काय जमत नाहीये?"

"न थांबता पुढे जाणं. थांबलं की यंत्राला मास्तरच ऐकू येतात. मी येतच नाही. मी आहे की नाही तेच कळेना मला आता."

आई हात पुसत बाहेर आली. तिला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"थांबू नकोस असं मास्तरच सांगायचे ना? एवढ्या वर्षांत त्यांचं तेवढंच ऐकलं नाहीस तू."

या खेपेला तिने डोळे उघडे ठेवले. ती जागा आली, करंगळी लांब झाली आणि तारेवर पडली. सूर लागला. इतक्या सहज लागला की तिला भीतीच वाटली. पुढचं सगळं उघडं उघडं वाटलं, आवडलं तर मुळीच नाही. तरी गज थांबेपर्यंत ती वाजवत राहिली.

व्हिडिओ चढला. यंत्राने हूं की चूं केलं नाही. तिने लिंक पाठवली.

"गेलं?" आईने विचारलं.

"गेलं."

दिवेलागणीला काकूंचा फोन आला.

"बघितला. छान वाजवलंस," काकू म्हणाल्या. "शेवटाकडे हात थांबला नाही या वेळी." मग त्यांनी विचारलं,

"तुझं बोट बरं आहे ना, बाळा?"

तिने डावा हात दिव्याखाली धरला. करंगळी मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"बरं आहे, काकू," ती म्हणाली.