कंपूची लहान चक्री

मी एक जुनी चक्री आहे, मित्रांनो. कडेला दाते असलेली, घड्याळाच्या पोटात असते तशी. पण मला कुणा लोहारानं घडवलं नाही की सुतारानं तासलं नाही. मी एका शाळेच्या प्रेझेंटेशनमध्ये, एका स्लाइडवर राहते. ती स्लाइड पडद्यावर आली की मी फिरते आणि पुढची आली की थांबते. फाइल बंद असली की मला काही वाटत नाही. फिरतानाही आता फारसं वाटत नाही. पूर्वी वाटत असे, म्हणून ही हकीकत सांगते आहे.

मला वनमाला मॅडमनी केलं. ग्वाल्हेरला कंपू नावाच्या भागात मुलींची एक मराठी शाळा होती आणि तिथे त्या कॉम्प्युटर शिकवत. खोली अशी की शेजारून सारख्या ॲम्ब्युलन्स जायच्या. भोंगा आला की मॅडम वाक्य अर्ध्यावर सोडत आणि तो पुढे गेला की सोडल्या शब्दापासून उचलत. मुलींना याची इतकी सवय की कुणी हसतसुद्धा नसे.

माझा जन्म काही थाटामाटाचा नव्हता. आधी एक गोल, मग त्याच्या कडेला चिकटवलेले चौकोनी दाते. त्यातला एक दाता जरा लांब राहिला आणि मी डुगडुगत फिरायला लागले. स्लाइडवरची वस्तू आपल्या चौकटीच्या मध्याभोवती फिरते, मित्रांनो. दाता लांब झाला की चौकट वाढते, मध्य सरकतो आणि मग सगळा तोल जातो. मॅडमनी तो दाता छाटून इतरांएवढा केला. नंतर त्यांनी माझ्या अंगावर 'कंपू' असं लिहून ते मला चिकटवलं, तर अर्ध्या फेऱ्यात शाळेचं नाव डोक्यावर उभं. स्वतःशीच हसून त्यांनी नाव सोडवलं आणि माझ्यावर नुसतं ठेवलं. मी खालून फिरायची, नाव वर स्थिर. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

माझ्या शेजारी त्यांनी एक मोठी चक्री काढली, दुप्पट दात्यांची. तिच्यावर लिहिलं 'सिटी सेंटर'. आता हे सिटी सेंटर कुठून आलं, ते सांगते.

दख्खनमधून शिंद्यांच्या मागे जी घरं ग्वाल्हेरला आली त्यांत कुणी दरबारी कामदार आणि भिक्षुक होते, तर कुणी शिपाईगडी. पहिल्यांच्या वंशजांनी कंपूत शाळा काढली, दुसऱ्यांच्यांनी सिटी सेंटर नावाच्या नव्या वस्तीत. एकमेकांकडे हळदीकुंकवाला जातील, लग्नात पंगती झोडतील, पण शाळा मात्र ज्याची त्याची. पुढे दोन्हीकडे मुली कमी झाल्या. तेव्हा दोन्ही संस्थांनी एकत्र व्हायचं ठरवलं. इमारत सिटी सेंटरची राहणार होती, कारण ती नवी होती. कंपूच्या इमारतीला कुलूप लागणार होतं.

दोन शाळा एक झाल्या की प्रत्येक विषयाला एक बाई जास्त होते. कॉम्प्युटरला जागा एकच होती. तिकडे राजलक्ष्मी नावाची तरुण मॅडम होती, हुशार आणि गोड बोलणारी. इकडे आमच्या मॅडम. दोन्ही समित्यांच्या एकत्र सभेत दोघींनी आपापलं काम दाखवायचं आणि मग ठरायचं. जी उरेल ती 'अतिशेष', म्हणजे नोकरी राहील पण विषय राहणार नाही. मॅडमना आपला विषय हवा होता. दुसरं काही त्या मागत नव्हत्या.

म्हणून आम्हा दोघींवर त्यांनी जीव ओतला. मोठी चक्री घड्याळाच्या दिशेनं, मी उलट्या दिशेनं. दात्यात दाता अडकला की शेजारच्या दोन चक्र्या अशाच फिरतात. मोठीचा एक फेरा होईपर्यंत माझे दोन व्हायला हवेत, म्हणून माझा वेळ अर्धा केला. क्लिकची वाट न बघता दोघींनी बरोबरच निघावं आणि स्लाइड संपेपर्यंत फिरत राहावं, असं लावून दिलं. तरी प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी आम्ही जरा घुटमळायचो. फिरण्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला आपोआप मंद होण्याची सोय असते, ती त्यांनी शोधून दोन्हीकडे शून्य केली. मग आम्ही अशा सरसर फिरलो की माझा दाता तिच्या खाचेत जायचा आणि अलगद बाहेर यायचा. मॅडम मधल्या सुट्टीचा डबा न उघडता आमच्याकडे बघत बसल्या होत्या.

सभेच्या आदल्या दिवशी दिनकरराव बघायला आले. ते आमच्या संस्थेचे अध्यक्ष, सगळे त्यांना नाना म्हणत. घराणं पुजाऱ्यांचं, वय झालेलं, मनानं चांगले. खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले,

"वनमालाबाई, हे लहान चाक उलटं फिरून राहिलं आहे."

"हो, नाना. दाते अडकलेत ना, म्हणून ते उलटंच फिरणार."

"ते असेल. पण त्याच्यावर आपल्या शाळेचं नाव आहे. शुभ कामात कोणी उलटं फिरवतं का? देवाला आपण उलटी प्रदक्षिणा घालतो का? हे अपसव्य झालं. श्राद्धाला ठीक आहे, उद्याच्या सभेला नाही."

"नाना, पण—"

"दोन्ही उजवीकडून फिरू द्या. लोकांना बरं वाटतं."

बाहेरून एक भोंगा गेला. मग मॅडमनी माझ्यावर क्लिक करून दिशा बदलली. आम्ही दोघी उजवीकडे फिरायला लागलो आणि माझे दाते तिच्या दात्यांतून आरपार जायला लागले. चित्रातल्या चक्र्या, कुणाला काही लागत नाही. पण मला ते आवडलं नव्हतं, हे मी सांगून ठेवते.

सभा सिटी सेंटरच्या नव्या सभागृहात झाली. राजलक्ष्मीनं आपलं काम नीटनेटकं दाखवलं. मग मॅडम उभ्या राहिल्या. सातेक मिनिटं सगळं सुरळीत चाललं आणि आमची स्लाइड आली. पहिल्या रांगेत दौलतसिंह बसले होते. ते तिकडच्या संस्थेचे सचिव, फौजेच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं दुरुस्त करण्यात हयात गेलेली. त्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि मोकळेपणानं म्हणाले,

"मॅडम, ही गाडी तर चालणारच नाही. दोन्ही चक्के एकाच बाजूला फिरले तर दाँते टूट जाएँगे."

सगळे हसले. वाईट हेतूनं नाही हसले, सभेत कंटाळा आला की लोक हसतात तसे हसले. मॅडमनी दिनकररावांकडे पाहिलं. एवढं सांगायचं होतं, की आधी बरोबर होतं, मला बदलायला लावलं. पण वयानं वडील माणसाला परक्या संस्थेपुढे खाली बघायला लावणं त्यांना जमलं नाही. आणि दिनकरराव? त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"बरोबर आहे तुमचं," मॅडम दौलतसिंहांना म्हणाल्या आणि त्यांनी पुढची स्लाइड आणली.

जागा राजलक्ष्मीला मिळाली. आमच्यामुळे गेली की आधीच गेलेली होती, मला माहीत नाही. मॅडम रडल्या नाहीत. घरी विचारलं तेव्हा "झालं एकदाचं" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आत काहीतरी बधिर झालं होतं, दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर गाल होतो तसं. मलाही तेव्हापासून तसंच आहे.

एकत्र झालेल्या शाळेच्या उद्घाटनाला हेच प्रेझेंटेशन दाखवायचं ठरलं, कारण दुसरं करायला वेळ नव्हता. दिनकरराव पुन्हा खोलीत आले. या वेळी बसले नाहीत.

"ते लहान चाक काढूनच टाका, वनमालाबाई. एक संस्था, एक चाक. कोणी हसायला नको."

"बरं, नाना."

मित्रांनो, लहान चाक म्हणजे मी. माझ्यावर त्यांच्याच शाळेचं नाव होतं, त्यांच्या आजोबांनी काढलेल्या शाळेचं. मला वाटलं, म्हणताना त्यांचा आवाज जरा तरी अडखळेल. तो अडखळला नाही. कदाचित त्यांनाही सुई दिलेली असेल.

ते गेल्यावर मॅडमनी मला निवडलं. बोट पुसण्याच्या बटणावर नेलं आणि तसंच ठेवलं. मग बोट उचललं. माझ्यावरचं नाव काढलं. माझा रंग काढला, कडेची रेघ काढली. मी दिसेनाशी झाले. शेवटी त्यांनी माझी दिशा बदलली. जशी पहिल्या दिवशी होती तशी, उलटी केली. फाइल सेव्ह केली, कॉम्प्युटर बंद केला, खोलीची किल्ली शिपायाकडे दिली.

उद्घाटनाला पडद्यावर एकच मोठी चक्री फिरली आणि टाळ्या पडल्या. माझा दाता तिच्या खाचेत जात होता आणि अलगद बाहेर येत होता. ते कुणाला दिसलं नाही.

त्यानंतर दर वर्षी संमेलनात ती स्लाइड लागते. मॅडम आता सिटी सेंटरच्या शाळेत जातात. ज्या वर्गाच्या बाई आल्या नसतील त्या वर्गावर बसतात, मुलींना गप्प ठेवतात. दिनकरराव गेले. कंपूच्या इमारतीचं कुलूप तसंच आहे म्हणतात.

परवा राजलक्ष्मी मॅडम संमेलनाची तयारी करत होत्या. मजकूर हलवायला म्हणून त्यांनी माउस दाबून रिकाम्या जागेवरून ओढला आणि माझी चौकट उमटली. आमच्या मॅडम तिथेच, ज्या वर्गाच्या बाई आल्या नव्हत्या त्या वर्गाचं हजेरीबुक ठेवायला आल्या होत्या.

"ताई, हे तुम्हीच केलंय ना? इथे काहीतरी आहे, पण दिखता नहीं."

"लहान चक्री आहे."

"अच्छा." राजलक्ष्मी मॅडमनी माझ्या ॲनिमेशनवर क्लिक केलं. "पण ताई, हिची दिशा उलटी लागून गेली आहे. ठीक करून देऊ?"

मॅडम दारापर्यंत गेल्या होत्या. त्या परत आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

"उलटी नाही," त्या म्हणाल्या. "ती बरोबर आहे. पहिल्यापासून बरोबरच होती."

राजलक्ष्मी मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि माउसवरून हात काढून घेतला.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी अशी जुनी फाइल येईल. त्यात रिकामी दिसणारी जागा असेल. काही पुसायच्या, बदलायच्या आधी त्या जागेवरून एकदा माउस ओढून बघा. चौकट उमटली तर तिथे कोण आहे ते ज्यांनी ठेवलं त्यांना विचारा. ते अजून शाळेत असतील, कुठल्या तरी दुसऱ्याच्याच वर्गावर बसलेले असतील.