हरलेल्याने करायचा फोन

आमच्यात एक नियम होता. मॅच संपल्यावर दहा मिनिटांच्या आत हरलेल्याने फोन करायचा आणि "हरलो" म्हणायचं. जिंकलेल्याने "पुढच्या वेळी बघू" म्हणायचं. जिंकलेल्याने स्वतःहून फोन करायचा नाही, कारण मग तो जखमेवर मीठ चोळायला केल्यासारखा होतो. नियम ठोंब्याचाच. ठोंब्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय अठ्ठावन्न, तिकडे बडा इंजिनिअर, पण माझ्या लेखी ठोंब्याच.

तिकडे म्हणजे ज्यांच्याशी आपलं क्रिकेटात पिढ्यान्‌पिढ्या हाडवैर, त्याच देशात. नोकरीला गेला, तिथलाच झाला, आणि मला डिवचायला म्हणून त्यांच्या टीमची बाजू घ्यायला लागला. पुढे ते खरंच झालं.

वडील गेले तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला. दारातच मी म्हटलं, "आता कशाला आलास?" विमानाचं तिकीट मिळालं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी म्हटलं. माझी जीभ ही अशी. त्यानंतर खुशालीचे फोन बंद झाले, मॅचचा तेवढा राहिला. "हरलो" म्हणून झालं की आधी अंपायरला शिव्या, मग कॅच कोणी सोडला त्यावर वाद, आणि वाद रंगला की मध्येच हळूच, "दादा, गुडघा काय म्हणतोय?" मीही मग त्याच्या ब्लडप्रेशरचं विचारून घ्यायचो. अर्धा तास सहज जायचा. सरळ विचारणं दोघांनाही जमत नव्हतं, म्हणून आम्हाला अंपायर लागायचा.

माझं चष्म्याचं दुकान आहे. पूर्वी ही मॅच दोन-तीन वर्षांतून एकदा व्हायची. त्या दिवशी शेवटच्या पाच ओव्हरांत मी काच घासायला घेत नसे. गिऱ्हाईकही घाई करत नसे, तेही टीव्हीकडे तोंड करून उभं. आता वर्षातून सहा वेळा मॅच. दोन्हीकडचे खेळाडू लीगमध्ये एकाच टीममधून खेळतात, टॉसला एकमेकांच्या गळ्यात पडतात. निकाल तर ठरलेलाच. आपण सलग नऊ मॅच जिंकलो, आणि मला एकदाही काही वाटलं नाही. फोन यायचा. "हरलो." "पुढच्या वेळी बघू." "बरंय." संपलं. नऊ विकेटनी हरलेला माणूस अंपायरच्या नावाने काय बोटं मोडणार? भांडायला काही उरलंच नव्हतं. आणि ठोंब्या, थांब जरा, असं मीही कधी म्हटलं नाही.

दहावी मॅच रविवारी होती. दुपारी तीनलाच आटोपली. मी एका बाईंच्या चष्म्याच्या दांड्या गरम करून वाकवत होतो. टीव्हीवर फटाके उडाले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगबाई, मॅच होती का आज?" मी म्हटलं, होती. दांड्या कानाला नीट बसल्या. त्या गेल्या. दहा मिनिटं झाली, तास झाला, फोन वाजला नाही.

संध्याकाळी आमची ही म्हणाली, "तुम्ही करा की."

"जिंकलेल्याने करायचा नसतो."

"साठी उलटली तुमची."

"नियम त्याचाच आहे."

ती स्वयंपाकघरात गेली. मला राग यायला हवा होता, तोही आला नाही. ठोंब्या कंटाळला असेल, इतकंच वाटलं. कंटाळा मलाही आला होता. पुढच्या रविवारी परत तीच मॅच. परत जिंकलो. परत फोन नाही. मी फोन काउंटरवर पालथा ठेवला आणि नंबर लावलेल्या काचा पुसत बसलो.

दहाव्या मॅचनंतर सोळाव्या दिवशी, सकाळी दुकान उघडत असताना, भावजयीचा फोन आला. त्याच मॅचच्या दिवशी सकाळीच ठोंब्याला झटका आला होता. अंगाची उजवी बाजू गेली. बोलता येत नाही. शब्द डोक्यात आहेत, जिभेवर येत नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. पुढच्या रविवारची मॅच त्याने हॉस्पिटलमध्ये पाहिली, पूर्ण.

"मला कळवायचं तरी," मी म्हणालो.

"धावपळीत राहून गेलं, दादा." मग म्हणाली, "आणि खरं सांगू? वाटलं, तुम्हीच विचाराल. एका मॅचला फोन नाही, दुसरीला नाही, तर माणूस विचारतो."

मी शटर अर्ध्यावरच धरून उभा होतो. ते वर सरकवलं, आत जाऊन स्टुलावर बसलो. नियम होता, हे सांगायची लाज वाटली.

"त्यांच्या कानाला लावते," ती म्हणाली.

श्वास ऐकू यायला लागला. जड, जरा घरघरणारा.

"ठोंब्या," मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी स्वतःहून काय बोललो होतो त्याच्याशी? म्हणून जे येत होतं ते म्हटलं. "हरलो रे."

तिकडे काहीतरी खुडबुडलं. लांबून भावजयीचा आवाज आला. "मान हलवतायत दादा. नाही म्हणतायत."

मग त्याचा स्वतःचा आवाज आला. "ह." परत श्वास. "ह... ह..."

मला कळलं. हरला तो होता, त्यामुळे म्हणायचं त्याने. कधीची मुदत टळून गेली होती, तरी तो नियम पाळत होता. एक गिऱ्हाईक पायरी चढून आलं, त्याला मी हातानेच थांबवलं. तिकडे "ह"च्या पुढे काही जात नव्हतं. तो दमत होता, थांबत होता, परत सुरुवात करत होता. "पुढच्या वेळी बघू" माझ्या ओठांवर आलं होतं. ते म्हटलं असतं तर फोन संपला असता.

"ऐकलं रे," मी म्हणालो. "माझा गुडघा बरा आहे."