मुकं इंजिन

यार्डात नवं इंजिन आलं तेव्हा सगळे खूश झाले, मी सोडून. अर्धं बॅटरीवर, अर्धं डिझेलवर. काम तेच जुनं, डबे ढकलायचे आणि मालगाड्या जुळवायच्या. पण हे इंजिन उभं असलं तरी गप्प आणि चाललं तरी गप्प. बॅटरी उतरली की मगच डिझेल आपणहून सुरू व्हायचं. कँटीनवाला त्याच्याकडे बघून काहीतरी बोलला, सगळे हसले, म्हणून मीही हसलो.

मला ऐकू येत नव्हतं. एकतीस वर्षं डिझेलच्या धडधडीत बसून डावा कान कामातून गेला होता आणि उजवा नावापुरता उरला होता. बायकोला वाटायचं मी मुद्दाम दुर्लक्ष करतो. "पालथ्या घड्यावर पाणी," म्हणायची, आणि तिचा तो समज मी मोडला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. यार्डात तर त्या धडधडीपुढे सगळेच बहिरे. जो तो हातवारे करायचा, आणि इंजिन किती जोर लावतंय ते मला तळपायांना कळायचं. कानाच्या तपासणीत डॉक्टरांनी बटण दाबलं की त्यांचा खांदा हलायचा. खांदा हलला की मी बोट वर करायचो. निवृत्तीला दोन वर्षं होती. कुणाला कळलं असतं तर मला त्याच दिवशी खाली उतरवून गोदामात बसवलं असतं, आणि तिथे मी आठ दिवसांत वेडा झालो असतो.

डबे जोडायला आठ वर्षं माझा मेव्हणा असायचा, धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस सोन्यासारखा, पण बोलणं असं की एका वाक्यात चहा गार व्हावा. आधी समोर येऊन उभा राहणार, मग एकेक शब्द सुटा करून सांगणार. मी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. बहिणीला चिडवायचो, "लग्नात मंगलाष्टकं संपली, तरी नवरदेव 'हो' म्हणतच होता!" बहीण हसायची नाही.

आमची पद्धत पक्की होती. डबे एकमेकांना टेकले की तो बाजूला येऊन दोन्ही हात डोक्यावर जुळवायचा. मी शिट्टी द्यायचो, मग तो दोन डब्यांच्या मधे शिरून साखळी अडकवायचा. नव्या इंजिनाबरोबर वॉकीटॉकी आले. शिकवायला आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी हातवारे आणि शिट्ट्या बंद करून टाकल्या, आता सगळं बोलून करायचं. हे म्हणे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी तिथेच उभा होतो, मानसुद्धा डोलावली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी, नव्या इंजिनावर पहिल्यांदाच, मी चौदा डबे ढकलत होतो. बाई बाजूला बसून वहीत काही लिहीत होत्या. डबे टेकल्यासारखे वाटले, पण हात काही दिसेनात. म्हणजे अजून टेकले नाहीत, असं मी धरलं. वेगाचं हँडल एक नॉच, म्हणजे एक खाच पुढे सरकवलं. पायांना काही जाणवलं नाही. हे ढिम्म हलत नाही, म्हणून वैतागून आणखी एक नॉच दिला. वेगाचा काटा समोरच होता, पण जन्मभर पायांवर भरवसा ठेवलेला माणूस काट्याकडे कशाला बघतो?

बाईंनी माझ्या अंगावरून झेप घेऊन ब्रेकचं लाल बटण दाबलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी धावत गेलो. मेव्हणा रुळाबाहेर बसला होता, एक हात पोटाशी धरून. बोटं पाचही शाबूत होती. हातमोजा मात्र साखळीत चिरडला गेला होता. "थांबा, आत जातोय," असं त्याने वॉकीटॉकीवर सांगितलं होतं, दोनदा, आणि बाईंना ते ऐकू आलं होतं, हे मला तिथे कळलं. जुनं इंजिन असतं तर आवाज चढताच तो बाहेर पडला असता. बहिणीला काय तोंड दाखवलं असतं, एवढंच डोक्यात होतं.

साहेबांनी तिघांना खोलीत बोलावलं. बाई तोंड उघडायच्या आत मेव्हणाच पुढे झाला आणि बोलायला लागला. आणि मी बघतच राहिलो. तव्यावर लाह्या फुटाव्यात तसे त्याचे ओठ हलत होते. एक शब्द मला उचलता येईना. साहेबांना मात्र सगळं कळत होतं, ते मधे मधे मान हलवत होते.

मग तो माझ्याकडे वळला. समोर आला, उजेडात तोंड धरलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "दादा, मी सांगितलंय, वॉकीटॉकी बिघडला होता."

कुठली गोगलगाय! आठ वर्षं हा माणूस फक्त माझ्याशीच सावकाश बोलत होता. आज तो आत शिरला होता तोही बाईंच्या कानांच्या भरवशावर. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"साहेब," मी म्हटलं, "वॉकीटॉकी चांगला आहे. मला ऐकू येत नाही."

साहेब काहीतरी बोलले. मान डोलवायची सवय होती, पण मी ती धरून ठेवली. "काय म्हणालात? मला कळलं नाही."

मेव्हणा पुन्हा समोर आला. डोळे भरले होते, तरी ओठ नीट हलवत म्हणाला, "साहेब विचारतायत, कधीपासून?"

"ते तुम्हीच सांगा त्यांना," मी म्हटलं. "तुम्हाला माझ्याआधी कळलंय."