न कापलेली पाने

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. पॅरिसच्या सुतारांच्या वस्तीत, कपाटात राहून राहून जुनी झालेली.

माझे लेखक भारी चौकस. एका जून महिन्यात इथल्या कामगारांनी रस्ते अडवले होते आणि सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. त्या दिवसांबद्दल ते बऱ्याच वर्षांनी दारोदार विचारत फिरले. कुणाच्या खिडकीला कसला पडदा होता, तेही त्यांनी सोडले नाही. धुणे धुणाऱ्या ओनोरीनने त्यांना आपल्या धाकट्या भावाचे, एल्वाचे, मरण सांगितले. सरकार म्हणत होते, एल्वा बंदूक रोखताना मेला. ओनोरीनने पाहिले होते, तो हात वर करून आला होता.

छापून झाल्यावर मी तूर्निये बाईंच्या, भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानात आले. आमच्याकडे पुस्तकाची पाने घड्यांत एकमेकांना जोडलेली येतात. वाचणाऱ्याने ती सुरीने कापायची. सरकारला खोटे पाडणारे पुस्तक वाचायला दिले, तर दुकान बंद होईल, या भीतीने बाईंनी मला कापलेच नाही. एकदा सम्राटाचे पोलीस असली पुस्तके शोधत आलेच.

"एक तरी पान कापलंय का बघा साहेब! कुणी वाचलंच नाही, तर बिघडलं कुठं?"

साहेब हसून गेले आणि बाईंनी मला पुन्हा कोंडले. शेजारची पाककृतीची पुस्तके गावभर हिंडून लोण्याचे डाग मिरवत परत यायची. मला भारी हेवा वाटे. एल्वाची सगळी गोष्ट माझ्या पोटात होती, पण मला तोंड कुठे होते!

ओनोरीन धुणे द्यायला आली की विचारायची, "बाई, माझा एल्वा त्यात आहे का हो? मला मेलीला वाचता येत नाही."

"कापल्याशिवाय कसं कळणार? दुकानाला टाळं लागेल माझ्या."

एका हिवाळ्यात ती खोकतच आली. "आता माझं काही खरं नाही. वर गेल्यावर एल्वा विचारील, ताई, काय लिहिलंय माझ्याबद्दल? लेखकानं सरकारचंच खरं मानलं असेल, तर काय तोंड दाखवू त्याला?"

"बुडवणार तू मला," बाई पुटपुटल्या आणि त्यांनी पावाची सुरी उचलली. बऱ्याच घड्या कापल्यावर त्या थांबल्या. "नाव बदललंय. पण लंगडा सुतार आहे."

"तोच! हात वर होते, लिहिलंय?"

"लिहिलंय."

"दोन्ही?"

"दोन्ही. बोटांना सरस लागला होता, असंही आहे."

"लागलेलाच होता! सकाळी खुर्ची जोडत होता गं तो!" ओनोरीन रडू लागली. बाईंनीही डोळे पुसले.

कापलेले पुस्तक दुकानात ठेवायची सोय नव्हती. ओनोरीनने मला धुण्यात लपवून घरी नेले. आता मी तिच्या गादीत आहे. ती रोज ते पान उघडते, त्यावर बोट ठेवते आणि मला परत आत खुपसते.

एल्वा बंद पानांतून सुटला. पण माझ्या उरलेल्या घड्यांत अजून कितीतरी माणसे आहेत, आणि त्यांच्या बहिणी याच गल्ल्यांत राहतात. मित्रांनो, कधी मी तुमच्या हाती लागले, तर नुसती धूळ झटकून फळीवर ठेवू नका. मला कापा.