किनिनचे ग्राहक

नेटा पर्व्हिस दमली होती. लीथ बंदरातल्या त्या जुन्या इमारतीचे जिने, नवऱ्याच्या, आर्चीच्या पायांची सूज, लघवीच्या गोळ्या, रोज सकाळी त्याला वजनकाट्यावर उभं करणं, आणि त्यात आता हे प्रयोगाचं खूळ. हृदय अर्धमेलं झालेल्या माणसाने घरात गप्प बसावं की नाही? पण एडिनबरोच्या हॉस्पिटलवाल्यांनी नुसतं विचारलं आणि स्वारी हरभऱ्याच्या झाडावर चढली. गोदीतलं काम सुटलेलं, शनिवारच्या फुटबॉल सामन्यातली पंचाची शिट्टीही सुटलेली. कुणाच्या उपयोगी पडायला त्याच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

"रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर किनिन नावाच्या रसायनाचे ग्राहक असतात," तो जिन्यात भेटेल त्याला धापा टाकत सांगे. "किनिन आलं की त्या उघडतात. माझ्या हातात ते सोडून बघणार आहेत."

"त्या गिऱ्हाइकांना तुझ्याच हातात दुकान सापडलं होय?" नेटा म्हणायची.

तिचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. प्रयोगासाठी त्याची जुनी गोळी बंद करून दुसरी दिली होती. हृदयविकाराच्या झटक्यानंतरचा सगळा हिवाळा त्याने त्या जुन्या गोळीवर काढला होता, असं तिचं ठाम मत. डॉक्टर बदलतात, गोळी बदलत नाही. ती बंद झाली की हा जाणार, ही भीती तिला झोपू देईना. म्हणून ती उरलेल्या जुन्या गोळ्यांतली रोज एक कुटून त्याच्या सकाळच्या ओट्सच्या लापशीत घालत होती.

त्या दिवशी आर्ची हॉस्पिटलच्या उबदार खोलीत उताणा पडला होता, नेटा उशाशी बसली होती. दोन्ही हातांना पट्टे, डाव्या हाताच्या धमनीत सुई. सुईतून थेंबथेंब किनिन जात होतं आणि हातात रक्त किती वाढतं ते यंत्र कागदावर रेघेने दाखवत होतं. डॉक्टर रेनी ही चुणचुणीत पोरगी, पण तिचेही डोळे जागरणाने तांबारलेले. रेघ चढली, आणखी चढली. मध्येच आर्चीला खोकल्याची उबळ आली आणि रेघ वेडीवाकडी झाली. डॉक्टरबाईंनी यंत्र थांबवलं.

"आर्ची, जुनी गोळी घेताय का?"

"एकही नाही," आर्ची म्हणाला. "मी पंच होतो, पोरी. मी लबाडी पकडतो, करत नाही."

"ती गोळी किनिनला मोडू देत नाही. मग ते साठतं, आणि वाहिन्या अशा जास्त उघडतात. खोकलाही त्यानेच येतो. तो एव्हाना जायला हवा होता."

आर्चीचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी खोटं बोलतोय?"

नेटाला ते पाहवेना. "मी घालते," ती म्हणाली. "लापशीत. त्याला माहीत नाही."

बाई खुर्चीत बसल्या. "अहो, दोन्ही गोळ्या एकदम? रक्तदाब एवढा उतरला असता की जिन्यातच कोसळले असते ते."

नेटा वाचवायला निघाली होती आणि हातून काय होणार होतं. रक्त तपासलं, ते ठीक निघालं. प्रयोगातून आर्चीचं नाव कमी झालं. जुनी गोळी पुन्हा सुरू, एकटीच.

बसने दोघं घरी आले. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आर्ची कठडा धरून थांबला.

"त्या पोरीसमोर खोटारडा ठरवलंस मला."

"ठरवलं. खोटारडा नवरा चालेल मला. मेलेला नको. दमलेय रे मी, आर्ची."

त्याने श्वास गोळा केला. मग खाली पायरीकडे बघत म्हणाला, "उद्यापासून गोळी हातात दे. लापशी फार कडू होते."

नेटा त्याच्याकडे बघतच राहिली. चिमूटभर मीठ कमी पडलं तरी वाटी सरकवून देणारा हा माणूस. इतके दिवस रोज वाटी चाटूनपुसून खात होता.

तिने त्याच्या काखेत हात घातला आणि दोघं पुढची पायरी चढले.