विरळ टाके

“वाईट बातमी उभ्यानं सांगायची नाही. आधी स्टूल ओढ, त्यावर टेक, मग तोंड उघड.”

तिला हे काम शिकवणाऱ्या थेक्ला सिस्टरना जाऊन बारा वर्षं झाली, तरी सर्जरीच्या वॉर्डात पाऊल टाकताना एलियाम्माच्या कानात हे वाक्य असायचंच. म्हणून तिच्या एका हातात औषधांचा ट्रे आणि दुसऱ्या हातात लाकडी स्टूल. नव्या नर्स तिला चेची, म्हणजे ताई म्हणत. आपापसांत म्हणायच्या, चेची स्टूल घेऊन निघाल्या, कुणाचं तरी तिकीट निघालं. ते तिला ऐकू यायचं. त्यात खोटं काही नव्हतं. सुरीनं हात टेकले की तिथून पुढचे पेशंट तिचे. वेदनेचं औषध, तोंड पुसणं, कूस बदलणं. बरं करणं तिच्या कामात बसत नव्हतं.

सात नंबरच्या खाटेवर नाणू आशारी होता. कुट्टनाडच्या कालव्यांवर पन्नास वर्षं त्यानं होड्या शिवल्या होत्या. खिळा म्हणून नाही, फळीला फळी काथ्याच्या दोरीनं शिवायची. आठ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्याचं पोट उघडलं, आत पाहिलं आणि मिटलं. बाहेर येऊन बायकोला सांगितलं, तेही उभ्यानंच. तेव्हापासून राऊंडला आलेले डॉक्टर पायथ्याचा कागद चाळायचे आणि आठ नंबरकडे वळायचे. नाकातल्या नळीतून हिरवट काळं पाणी पिशवीत उतरत होतं. उशाशी पाटी होती: तोंडाने काही देऊ नये.

बायको कार्त्यायनी. तिनं त्याच दिवशी एलियाम्माचा हात धरला होता. “त्यांना कळू देऊ नका, सिस्टर. तुम्हाला मेरीमातेची शपथ आहे.”

एलियाम्मानं शब्द दिला होता. तिच्याकडून तरी दुसरं काय होणार होतं? तिच्या नवऱ्यानं, कुरियननं, शेवटच्या शुक्रवारी तिला विचारलं होतं, घरी कधी नेणार? सोमवारी, ती म्हणाली होती. उभ्यानं, पेला विसळता विसळता. सोमवारी नेला खरा. चौघांनी उचलून.

त्यात कार्त्यायनीनं व्रत धरलं होतं. हे भात खातील तेव्हा मी खाईन. त्याचं खाणं बंद झाल्यापासून अकरा दिवस केळं आणि कोरी कॉफी. काल नळापाशी तिला घेरी आली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं समजावलं, वॉर्डबॉयनं दटावलं. एलियाम्मा मात्र काही बोलली नाही. ईस्टरपूर्वीचे पन्नास दिवस ती स्वतः मासळीला शिवत नसे, दुपारपर्यंत पाण्यावर असे. घेतलेलं व्रत दुसऱ्याच्या सांगण्यानं सुटत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

दुपारी ती जखमेची पट्टी बदलायला आली. आठ दिवस पट्टी बदलताना आशारी भिंतीकडे तोंड करायचा. आज म्हणाला, “उशी जरा वर कर, पोरी. बघू दे.”

त्यानं पाहिलं. हवेतच बोट धरून टाके मोजले.

“कुणी शिवलं?”

“मोठ्या डॉक्टरांनी.”

“हात चांगला आहे. पण टाके विरळ आहेत.”

एलियाम्मानं पायानं स्टूल ओढलं आणि बसली.

“बसलीस?” आशारी हसला. “म्हणजे माझं बरोबर आहे. ज्या होडीला पाणी कापायचंय तिचे टाके बोटाबोटावर घालायचे. घाल, ओढ, ठोक, मग पुढचा. आतून लाकूड गेलेली होडी आली तर मीही असंच शिवायचो. मालकाला वाईट वाटू नये म्हणून.”

“मी काही सांगितलेलं नाही, आशारी.”

“नाहीच. तुझा शब्द राहिला. टाके बोलले.”

मग कळ आली. ती औषध देऊन थांबली. कळ ओसरल्यावर तो तुकड्यातुकड्यानं बोलत राहिला. कार्त्यायनीला सांगायला तीनदा तोंड उघडलं, तीनदा तिनं परसातल्या फणसाचा विषय काढला. दिवसातून दहादा नळावर जाते, तोंड धुऊन हसत येते. मला कळत नाही असं तिला वाटतं. होडी कुठं झिरपते ते मी पन्नास वर्षं बघतोय.

“तिला सांग, मला ठाऊक आहे. रडायचं तर नळावर नको, इथं बसून रड म्हणावं. आणि तिला भात खायला लाव. एवढं वचन दे.”

“व्रत माझ्या सांगण्यानं सुटायचं नाही.”

“मग कशानं?”

“तुम्ही खाल्ल्यावर.”

त्यानं मान वळवून पाटीकडे पाहिलं. वेदनेचे डॉक्टर सोमवारीच सांगून गेले होते, इच्छा झाली तर चमचा चमचा देत जा. पाटी काढायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. एलियाम्मानं ती उतरवून खाटेखाली ठेवली. व्हरांड्यात नातेवाइकांसाठी देवळाच्या मंडळींची पेज आली होती. तिथून वाडगाभर घेऊन आली. चमच्यात निवळ घेतली, तिच्यावर एक मऊ शीत.

आशारीनं ते जिभेवर कितीतरी वेळ धरलं. मग गिळलं. दोघंही नळीकडे पाहत राहिले. आज ना उद्या ते तिथूनच परत यायचं होतं.

“लागलं का भातासारखं?”

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला. “तिला सांग, वरून घाल म्हणावं.”

एलियाम्मा उठली. वॉर्डच्या टोकाला नळ वाहत होता. पाठमोरी कार्त्यायनी ओंजळीनं तोंडावर पाणी मारत होती. एका हातात वाडगा, दुसऱ्या हातात स्टूल घेऊन एलियाम्मा निघाली. स्टूल पाहून दारातल्या दोघी नर्स गप्प झाल्या, बाजूला सरल्या. पाय फरशीला घासू नयेत म्हणून तिनं स्टूल जरा उचलून धरलं होतं, आणि पेज हिंदकळू नये म्हणून ती सावकाश चालत होती.